ओडी (ऑर्गनायझेशन डेव्हलपमेंट) आणि टॅलेंट मॅनेजमेंटचा स्वतंत्र सल्लागार व्हायचंय? पहिल्या वर्षात काय करायचं, काय टाळायचं

कंपनीत आठ-दहा वर्षं एचआर किंवा ट्रेनिंगमध्ये काढली आणि आता स्वतःचं काम सुरू करायचंय, अशांसाठी हा लेख आहे. उदाहरणं चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर-अंबड अशा औद्योगिक पट्ट्यांतल्या दोनशे ते हजार माणसांच्या कंपन्यांची आहेत, कारण नव्या सल्लागाराला पहिलं काम बहुधा तिथेच मिळतं.

या धंद्यात येणारे बरेच जण ट्रेनर म्हणून शिरतात आणि तिथेच अडकतात. दोन दिवसांचा वर्कशॉप, दिवसाचे पैसे, फॉर्मवर पाचपैकी साडेचार गुण, आणि सहा महिन्यांनी कंपनी होती तिथेच. ट्रेनिंगला नावं ठेवायचं कारण नाही. पण कंपनी मागते तो उपाय असतो, प्रश्न वेगळाच असतो. तो प्रश्न शोधण्याचे पैसे घ्यायला शिकलात तरच तुम्ही सल्लागार.

## १. आधी ठरवा: काय करणार आणि काय नाही

टॅलेंट मॅनेजमेंटमध्ये माणूस आणि पद यांची जुळणी येते: कोणत्या कामाला कोणती क्षमता लागते, कामगिरी कशी मोजायची, वरच्या पदांसाठी कोण तयार आहे, कोण सोडून जाईल. ओडी म्हणजे ऑर्गनायझेशन डेव्हलपमेंट. तिथे अख्खी संस्था हा विषय असतो: विभागांची भांडणं, निर्णय कुठे अडतात, रचना, बैठका, न बोललेले नियम. प्रत्यक्षात दोन्ही एकमेकांत मिसळतात, पण प्रस्तावात कोणतं काम घेताय ते स्पष्ट हवं.

भरती एजन्सी, पगारपत्रक आणि कामगार कायद्याची पूर्तता हे तीन वेगळे धंदे आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यामुळे मालक पहिल्याच भेटीत ‘जरा तेही बघून टाका’ म्हणतात. कायद्याचं शिक्षण नसेल तर हे काम घेऊ नका, माहितीतल्या लेबर कन्सल्टंटचं नाव द्या. मोह मोठा असतो, कारण ते काम दर महिन्याला पैसे देतं. पण एकदा ‘पीएफ-ईएसआयवाले’ असा शिक्का बसला की त्या मालकाच्या केबिनमध्ये वरच्या पदांच्या वारसदार योजनेवर बोलायला तुम्हाला कोणी बसवत नाही.

## २. शिक्षण आणि प्रमाणपत्रं: कशावर पैसे घालावेत

भारतात या विषयाची पायाभरणी कशी झाली ते माहीत असावं. १९७४-७५ मध्ये आयआयएम अहमदाबादचे प्राध्यापक उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी लार्सन अँड टुब्रोच्या कामगिरी मूल्यमापन पद्धतीचा अभ्यास केला आणि त्यातून स्वतंत्र एचआरडी (मनुष्यबळ विकास) विभागाची रचना पुढे आली. मागणी मूल्यमापनाची होती, उत्तर रचनेत सापडलं. मागे आणखी गेलात तर १९४० च्या दशकातला मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन भेटतो. माहिती गोळा करा, ती ज्यांची आहे त्यांच्यापुढे ठेवा, त्यांच्यासोबत कृती ठरवा, पुन्हा तपासा. ही त्याची पद्धत आजही प्रत्येक नीट केलेल्या ओडी कामाचा कणा आहे.

पहिल्या वर्षासाठी पुढचा क्रम ठेवा.

- स्वतःच्या वागण्याचं प्रशिक्षण. इंडियन सोसायटी फॉर अप्लाइड बिहेवियरल सायन्स, म्हणजे इसाब्स, मानवी प्रक्रियांच्या निवासी लॅब घेते. आठ-दहा अनोळखी माणसांच्या गटात आपण कधी गप्प होतो आणि कधी उगाच सल्ला देतो, हे तिथे कळतं. पाच टूल्सच्या प्रमाणपत्रांपेक्षा हे आधी करा.
- एकच सायकोमेट्रिक टूल, म्हणजे स्वभाव किंवा क्षमता मोजणारी चाचणी. कोणत्या कामासाठी वापरणार ते ठरवून घ्या. एमबीटीआय ही व्यक्तिमत्त्व प्रकाराची चाचणी उमेदवार निवडीसाठी नाही, तसं त्याचे प्रकाशकच सांगतात. तरीही मुलाखतीत ते वापरणाऱ्या कंपन्या भेटतात. तिथे तुम्ही ‘नाही’ म्हणायचं असतं.
- कोचिंग. वरिष्ठांना एकेकटं भेटायचं असेल तर इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनची एसीसी पातळी पुरते: किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा कोचिंग अनुभव, त्यातले ७५ तास मोबदल्याचे. पुढच्या पीसीसीला १२५ आणि ५०० तास लागतात, पहिल्या वर्षी त्यामागे धावू नका.
- पदवी. एमबीए किंवा एमपीएम असेल तर पुन्हा दोन वर्षं देण्याची गरज नाही. ओडीतच खोल जायचं असेल तर टाटा समाजविज्ञान संस्थेचा अभ्यासक्रम बघा.

## ३. नोंदणी आणि कागदपत्रं

सुरुवात प्रोप्रायटरशिपने, म्हणजे एकट्याच्या मालकीने करा. प्रायव्हेट लिमिटेडचा वार्षिक खर्च आणि फाइलिंग पहिल्या दोन वर्षांत परवडत नाही. मोठ्या कंपनीनेच तशी अट घातली तर गोष्ट वेगळी.

जवळ हवं ते असं:

- पॅन, आधार, रद्द केलेला चेक, व्यवसायाच्या नावाचं चालू खातं
- महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा २०१७ खालची पावती. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते, आणि चालू खातं उघडताना बँक बहुधा हीच मागते
- व्यवसाय कराची पीटीईसी नोंदणी, वर्षाला २,५०० रुपये
- उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु किंवा मध्यम उद्योग म्हणून सरकारी नोंदणी), पूर्ण मोफत
- जीएसटी, वर्षाची उलाढाल २० लाखांवर जात असेल तर

उद्यमसाठी पैसे मागणाऱ्या वेबसाइट सरकारी पोर्टलसारख्या दिसतात. पत्ता gov डॉट in वर संपतो का ते बघा. ही नोंदणी पहिला करार होण्याआधी करा, नंतर केलीत तर आधीच्या बिलांना कायद्याचं संरक्षण मिळवणं अवघड जातं. ते संरक्षण मोलाचं आहे: सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय मुदतीत पैसे न दिल्यास तो खर्च त्या वर्षी कंपनीला आयकरात वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. मार्च जवळ आला की अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करतात ते यामुळे. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा.

जीएसटीचा दर १८ टक्के. व्यवस्थापन सल्ल्याचा सॅक कोड, म्हणजे जीएसटीतला सेवेचा क्रमांक, ९९८३११. व्यावसायिक ट्रेनिंगचा कोड वेगळा असतो, सगळं एकाच ओळीत कोंबू नका. तुमच्या फीवर कंपनी १० टक्के टीडीएस कापते, वर्षाची रक्कम ५०,००० रुपयांच्या वर गेली की. तो जीएसटी सोडून मूळ रकमेवर कापला जातो का, हे पहिल्या बिलालाच तपासा.

इथे एक सापळा आहे. निम्मी रक्कम नफा धरून कर भरण्याची आयकरातली सवलत (१९६१ च्या कायद्यात कलम ४४एडीए) आपल्याला आहे असं अनेक सल्लागार गृहीत धरतात. ती ठराविक व्यवसायांसाठी आहे. त्या यादीत ‘तांत्रिक सल्लागार’ आहे, मॅनेजमेंट कन्सल्टन्सीचं नाव स्पष्ट नाही. आयकर विवरणपत्र भरण्याआधी सीएचं मत लेखी घ्या.

## ४. दर कसा काढायचा

‘मार्केट रेट काय चाललाय?’ या प्रश्नापासून सुरुवात करू नका. समजा, वर्षाला हातात २४ लाख हवेत आणि खर्च ४ लाख. शनिवार-रविवार, सण, आजारपण वजा जाता कामाचे सुमारे २४० दिवस उरतात. त्यातले निम्म्याहून थोडे जास्त भेटीगाठी, प्रस्ताव, प्रवास आणि पैशांच्या पाठपुराव्यात जातात. बिल करता येतील असे ११२ दिवस धरले तर २८ लाख भागिले ११२, म्हणजे दिवसाला २५,००० रुपये, वर जीएसटी. पहिल्या वर्षी मात्र ६०-७० दिवसच भरतात. म्हणून नोकरी सोडताना सहा ते नऊ महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा.

हा दर तुमच्या वहीत ठेवा. कंपनीपुढे टप्प्याचा दर मांडा. चारशे माणसांच्या कारखान्याच्या निदानाचा हिशेब साधारण असा असतो: १८ मुलाखतींना ४ दिवस, ८ गटचर्चांना ३, कागद आणि आकडे बघायला २, सर्वेक्षणाला २, विश्लेषण आणि लेखनाला ५, निष्कर्ष मांडण्याच्या बैठकांना २, राखीव २. एकूण २० दिवस, ५ लाख रुपये. नवखे लोक कारखान्यात काढलेले नऊच दिवस मोजतात आणि लेखनाचे पाच दिवस फुकट देतात.

हप्ते असे ठेवा: करार होताना ४० टक्के, माहिती गोळा झाल्यावर ३०, निष्कर्षांची बैठक झाल्यावर ३०. ‘अहवाल मान्य झाल्यावर’ हे शब्द करारात येऊ देऊ नका. कडू अहवाल मान्य करण्याची घाई कोणालाच नसते.

## ५. पहिली भेट आणि करार

हा टप्पा चुकला तर पुढची हुशारी वाया जाते.

आधी ओळखा की ग्राहक कोण आहे. बोलावणारा एचआर मॅनेजर असतो, पैसे देणारा संचालक असतो आणि बदलायला लागणार असतो तो प्लांट हेड. तिघांना वेगवेगळं भेटल्याशिवाय प्रस्ताव लिहू नका. घरच्या कंपनीत चौथा माणूसही असतो: कागदावर नसलेले काका किंवा आप्पा, ज्यांच्याकडे जुने फोरमन अजून तक्रार घेऊन जातात. ऑर्गनायझेशन चार्टवर त्यांचा चौकोन शोधत बसू नका, जेवणाच्या सुट्टीत लोक कोणाच्या केबिनकडे वळतात ते बघा.

संचालकांना विचारायचे प्रश्न:

1. हा प्रश्न आत्ताच का वाटू लागला? गेल्या वर्षी का नाही?
2. याआधी काय करून बघितलं? ते का थांबलं?
3. एका वर्षाने काय वेगळं दिसलं तर पैसे वसूल झाले म्हणाल?
4. या प्रश्नात तुमचा स्वतःचा वाटा किती?

चौथा प्रश्न विचारताना जीभ अडते, तरी विचारा. ‘माझा काहीच नाही, लोकांचा ॲटिट्यूड खराब आहे’ असं ठाम उत्तर आलं आणि पुढच्या भेटीतही तेच राहिलं, तर ओडीचं काम घेऊ नका. फार तर एखादं ट्रेनिंग करा आणि त्याला ट्रेनिंगच म्हणा.

करारात हे लेखी हवं: कामाची व्याप्ती आणि काय समाविष्ट नाही, कंपनीच्या बाजूने जबाबदार व्यक्ती, कोणाचं बोलणं कोणापर्यंत जाणार आणि जाणार नाही, अहवाल आधी कोण बघणार, किती दुरुस्त्या मोफत, प्रवास आणि मुक्काम, काम मध्येच थांबलं तर हिशेब. गोपनीयतेचं कलम सर्वांत जास्त वेळ घेतं. ‘कोण म्हणालं ते सांगणार नाही, काय म्हटलं जातंय ते सांगेन’ हे वाक्य संचालकांकडून मान्य करून घ्या आणि प्रत्येक मुलाखतीच्या सुरुवातीला समोरच्याला सांगा. कर्मचाऱ्यांची वैयक्तिक माहिती हाताळणार म्हणून डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा उल्लेखही टाका.

पीओ (परचेस ऑर्डर, कामाचा लेखी आदेश) हातात आल्याशिवाय काम सुरू करू नका. आणि सॅप हे हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या कंपनीत ‘सर्व्हिस एंट्री’, म्हणजे काम झाल्याची नोंद, कोण करतो ते पहिल्याच आठवड्यात विचारा. ती नोंद झाली नाही तर बिल जागेवरून हलत नाही आणि दोष कोणाचाच नसतो.

## ६. निदान

आकडे. मागच्या तीन वर्षांची सोडून गेलेल्यांची यादी मागा, टक्केवारी नको. सरासरी ३०० माणसांत ५४ जण गेले, म्हणजे १८ टक्के, हे ऐकून काहीच कळत नाही. त्या ५४ पैकी ३० जण पहिल्या ९० दिवसांत गेले असतील तर दुखणं भरतीत किंवा पहिल्या महिन्याच्या वागणुकीत आहे. तीन-चार वर्षं काढलेले जात असतील तर बढती आणि पगाराच्या रचनेत बघा. एकाच सुपरवायझरच्या हाताखालून जात असतील तर तिसरीच गोष्ट. कंत्राटी कामगार आणि अप्रेंटिस हजेरीपटावर नसल्याने यादीत येत नाहीत, ते वेगळे मागा. लाइनवर अनेकदा तेच जास्त असतात.

मुलाखती. १५ ते २०, प्रत्येकी ४५ ते ६० मिनिटं, दिवसाला पाचपेक्षा जास्त नाही. सहाव्या माणसाचं बोलणं तुम्ही पहिल्या पाचांच्या चष्म्यातून ऐकता. कॉन्फरन्स रूमच्या काचेतून एचआरचं टेबल दिसत असेल तर खोली बदला. रेकॉर्डिंग नको, हाताने लिहा आणि शक्य तिथे त्यांचेच शब्द.

गटचर्चा. ८-१० जण, ९० मिनिटं. कामगार आणि त्यांचे सुपरवायझर कधीही एका खोलीत नकोत. शिफ्ट सुटण्याच्या वेळी गट बोलावू नका. कंपनीची बस सुटेल या धास्तीने लोक सगळ्यालाच ‘चांगलं आहे’ म्हणतात. चर्चा मराठीत घ्या, कंत्राटी कामगारांसाठी हिंदीचा वेगळा गट ठेवा. युनियन असेल तर तिच्या पदाधिकाऱ्यांना आधी भेटून काम समजावून सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशी गेटवर वेगळीच कहाणी फिरते.

सर्वेक्षण. हे शेवटी करा, मुलाखतींत आलेलं किती पसरलंय ते मोजायला. ३० ते ३५ प्रश्न, पाच पातळ्यांची उत्तरं. दोन प्रश्न एका वाक्यात नको: ‘माझे साहेब मला वेळ देतात आणि नीट शिकवतात’ याला वेळ देणाऱ्या पण न शिकवणाऱ्या साहेबाचा माणूस काय उत्तर देणार? विभाग, वय आणि नोकरीची वर्षं तिन्ही विचारलीत तर छोट्या विभागात माणूस ओळखू येतो, म्हणून फार तर दोन विचारा. सातपेक्षा कमी उत्तरं असलेल्या गटाचा वेगळा निकाल देऊ नका. मालकांनी कितीही आग्रह केला तरी. एकदा दिलात तर त्या कारखान्यात तुमच्याशी पुन्हा कोणी खरं बोलत नाही.

## ७. निष्कर्ष मांडणं

साठ पानांचा अहवाल कोणी वाचत नाही. बारा पानं पुरेत: पाच-सहा मुद्दे, प्रत्येकाखाली आकडा आणि लोकांचे दोन-तीन शब्दशः उद्गार, ओळख पुसून. उद्गारातल्या लकबीवरून माणूस कळत असेल तर तो गाळा.

संचालकांना एक दिवस आधी एकट्याने दाखवा, म्हणजे धक्का सर्वांसमोर बसणार नाही. दाखवताना मुद्दे बदलणार नाही हे आधीच ठरलेलं असावं. मग विभागप्रमुखांसोबत तीन तासांची बैठक. तिथे तुम्ही अर्धा तास बोलायचं, पुढे त्यांनी. उपाय खिशात तयार असला तरी बाहेर काढू नका. त्यांनी स्वतः ठरवलेली अर्धी-मुर्धी कृती तुमच्या पूर्ण योजनेपेक्षा जास्त दिवस टिकते. ज्यांनी माहिती दिली त्या कामगारांपर्यंत सारांश महिन्याभरात पोहोचला पाहिजे, नोटीस बोर्डवर का होईना.

## ८. नेहमी मागितले जाणारे उपाय आणि त्यांतल्या खाचा

क्षमता आराखडा. सहा ते आठ क्षमता, प्रत्येक पातळीला तीन-चार दिसणारी वर्तनं. ‘नेतृत्वगुण’ हे वर्तन नाही. ‘शिफ्ट देताना अडलेली कामं लेखी सांगतो’ हे आहे. दुसऱ्या कंपनीचा आराखडा नाव बदलून विकणारे भरपूर आहेत आणि लोकांना ते पहिल्या पानावर कळतं.

नाइन बॉक्स, म्हणजे मॅनेजरांची नावं नऊ चौकोनांत मांडणं. आडव्या अक्षावर कामगिरी, उभ्यावर पुढची क्षमता. चाळीसपेक्षा कमी मॅनेजर असतील तर याची गरज नाही. त्याऐवजी आठ-दहा नाजूक पदांची यादी काढा आणि विचारा, ‘उद्या हा माणूस आला नाही तर काम किती दिवसांत अडेल?’ टूल रूमचा प्रमुख, वीस वर्षांचे पुरवठादार तोंडपाठ असलेला पर्चेसवाला, ही नावं तिथे निघतात, चार्टच्या टोकाची नाहीत. नऊ चौकोन वापरायचेच असतील तर प्रत्येक नावामागे दोन प्रत्यक्ष घटना मागा आणि माणशी पाच-सहा मिनिटं धरा. तीस जणांना तीन तास लागतात. ‘क्षमता’ म्हणून साहेबांशी इंग्रजीत बोलता येणं मोजलं जातंय का, यावर लक्ष ठेवा.

३६० अंश फीडबॅक, म्हणजे एका माणसाबद्दल आजूबाजूच्या सगळ्यांचं मत. वरिष्ठ एक, सहकारी चार-पाच, हाताखालचे किमान तीन. तीन मिळत नसतील तर तो गट गाळा. पहिली दोन वर्षं याचा पगारवाढीशी संबंध जोडू नका. जोडलात की दिवाळीच्या शुभेच्छांसारखे सगळ्यांना छान-छान गुण मिळतात.

पगारवाढ आणि मूल्यमापन. दोन्हींच्या चर्चा वेगळ्या महिन्यांत ठेवायला सुचवा. आकडा ऐकल्यावर सुधारणेचं कोणी ऐकत नाही.

## ९. कामं कुठून येतात

पहिली तीन कामं ओळखीतूनच येतात: जुने सहकारी, जे आता दुसऱ्या कंपनीत एचआर प्रमुख आहेत. पुढे उद्योगांच्या संघटना बघा: पुण्यात मराठा चेंबर, नाशिकला निमा, छत्रपती संभाजीनगरला सीएमआयए, शिवाय एचआरवाल्यांच्या नॅशनल एचआरडी नेटवर्कच्या शाखा. तिथे माहितीपत्रक वाटू नका, ‘नव्वद दिवसांत सोडून जाणारे कामगार’ अशा एकाच विषयावर पाऊण तास बोला. जुन्या मालकाची कंपनी पहिला ग्राहक म्हणून घ्यायची असेल तर नोकरीच्या करारातली बंधनं वाचून घ्या. आणि एकाच ग्राहकाकडून निम्म्याहून जास्त उत्पन्न येऊ लागलं की सावध व्हा. त्याला ‘नाही’ म्हणणं तुम्हाला परवडेनासं होतं.

## १०. काम संपवताना

सुरुवातीला मोजलेले तीनच आकडे सहा आणि बारा महिन्यांनी पुन्हा मोजा, याचे दोन दिवस मूळ करारातच धरा. सगळे फॉर्म, वर्तनांच्या याद्या आणि बैठकीचे आराखडे कंपनीच्या एका माणसाला शिकवून द्या. पुढची फेरी त्याने चालवावी, तुम्ही मागे बसावं. मुलाखतींच्या मूळ नोंदी मात्र कोणालाही द्यायच्या नाहीत. करारात लिहिलेल्या मुदतीत त्या नष्ट करा, लॅपटॉप, ड्राइव्ह आणि व्हॉट्सॲपवरच्या फोटोंसकट, आणि तसं एका ओळीचं पत्र संचालकांना पाठवा.